सॅव्हेज 110 विषयीचे माझे मत कसे बदलले

अमेरिकेत मॅडिसनजवळ राहणाऱ्या एका मराठी तरुणाचा प्रश्न आला आहे. तो डावखुरा आहे, विस्कॉन्सिनमधल्या नोव्हेंबरच्या हरणांच्या हंगामासाठी त्याला आयुष्यातली पहिली रायफल घ्यायची आहे आणि .308 विंचेस्टर काडतुसाची, डाव्या हाताची, वापरलेली सॅव्हेज 110 त्याला कोणीतरी देऊ केली आहे. त्याच्या कार्यालयातल्या जुन्या शिकाऱ्यांनी त्याला सांगितले की, मी वर्षानुवर्षे ‘सॅव्हेज सोडून काहीही घ्या’ असे म्हणत आलो. आणि मागच्या हंगामात तर माझ्याच खांद्यावर सॅव्हेज होती. तेव्हा आधीचे खरे धरायचे की आताचे, आणि मधल्या काळात असे काय घडले, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

शिकाऱ्यांनी सांगितले ते खरे आहे. मी तसे म्हणत असे, आणि नुसते म्हणत नव्हतो, तर ऐकणाऱ्याला पटावे अशा तांत्रिक भाषेत म्हणत असे, हा माझा अधिक मोठा दोष. माझा हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसला. इथे येऊन 27 वर्षे झाली. आठवडाभर टूल-रूममध्ये काम करतो आणि शनिवारी एका परवानाधारक गनस्मिथच्या दुकानात मदत करतो. लेथवर वाढलेल्या माणसाला 110 पहिल्या नजरेत खटकते ती एकाच जागी. नळी जिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या पोलादी सांगाड्यात, शिरते तिथे एक खाचा पाडलेला नट उघडा दिसतो. माउझर 98 घ्या, विंचेस्टर मॉडेल 70 घ्या किंवा रेमिंग्टन 700 घ्या, त्यांत असा नट नाही. नळीला पायरी पाडलेली असते, ती आट्यांवर फिरत जाऊन घट्ट टेकते आणि सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. ती खरी फिटिंग आणि हा चेकनट म्हणजे पाण्याच्या पाइपाचे काम, असे माझे मत पहिल्याच दिवशी झाले. पुढचा सगळा तिरस्कार या एका दृश्यावर उभा राहिला.

या तिरस्काराला पुरावा मिळाला तो 2001 च्या ऑक्टोबरात. माझ्या शेजाऱ्याने .30-06 मधली जुनी 110 घेतली होती, दुर्बीण एका दुकानातून बसवून आणली होती, आणि हंगामाआधी नेम जुळवून द्या म्हणून तो मला रेंजवर घेऊन गेला. 100 यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या शेजारी-शेजारी लागल्या, तिसरी चार इंच वर गेली, चौथी डावीकडे. दुर्बिणीचे खटके फिरवून गट (गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) मध्यभागी आणावा तर पुढच्या फैरीत तो भलतीकडेच. दुपारभरात दोन डबे काडतुसे संपली. घरी परतताना गाडीत मी त्याला नटाचे शास्त्र ऐकवले: गरम झाल्यावर नट सैल होतो, नळी हलते, आणि म्हणून ही रायफल कधीच एका जागी मारणार नाही. यातला एक शब्दही मी मोजून पाहिलेला नव्हता. शेजाऱ्याने रायफल कपाटात ठेवली ती ठेवलीच, आणि ती दुपार मी पुढची बारा वर्षे लोकांना सांगत राहिलो.

2013 मध्ये त्याच्या मुलाने तीच रायफल विकण्यासाठी आमच्या दुकानात आणली. विकण्याआधी दुर्बीण काढून स्वच्छ करायची म्हणून मी तिला धरणाऱ्या कड्या सोडल्या आणि खालच्या बेसचे, म्हणजे रिसीव्हरवर बसवलेल्या आधाराचे, स्क्रू तपासले. चारही गच्च होते. तरीही बेसवर अंगठा दाबला तेव्हा तो किंचित दबल्यासारखा वाटला. मग बिलबुकातल्या कागदाची पट्टी फाडून पुढच्या बेसखाली सरकवली, आणि ती अर्धा इंच आत गेली. झाले होते ते असे: बेसबरोबर दोन लांबीचे स्क्रू येतात, आणि बसवणाऱ्याने लांब स्क्रू सर्वांत पुढच्या भोकात घातला होता. त्या भोकाखाली नळीचे आटे असतात. स्क्रूचे टोक त्या आट्यांवर टेकले, पाना लावणाऱ्याच्या हाताला ‘गच्च झाला’ असे वाटले, आणि बेस मात्र रिसीव्हरला धरलाच गेला नाही. प्रत्येक बाराला दुर्बीण केसभर उठत होती आणि वाटेल तिथे बसत होती. मी स्क्रूची लांबी कमी केली, भोकांतले तेल पुसले, बेस पुन्हा बसवून टॉर्क रेंचने आवळला, आणि त्याच संध्याकाळी पाच गोळ्या मारल्या. त्या पाचही गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. गटाची रुंदी सव्वा इंच भरली.

उद्यमनगरातल्या माझ्या उस्तादाने शिकाऊ पोरालाही विचारले असते की, जॉब (व्हाइसमध्ये धरलेला तुकडा) हलतोय म्हणतोस, तर आधी व्हाइस पाहिलास का? मी बारा वर्षांपूर्वी व्हाइस न पाहता लेथ मोडीत काढला होता.

इथपर्यंतच्या घटनेने माझा आरोप खोटा ठरला, पण मत अजून बदलले नव्हते; ‘बरी आहे, पण नट तो नटच’ इतकेच झाले. खरा बदल झाला तो पुढच्या वर्षी एका 110 ची झिजलेली नळी मी स्वतः बदलली तेव्हा. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण या रायफलीचे सगळे मर्म त्यात आहे.

बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) बंद झाल्यावर त्याचा चेहरा आणि चेंबरमधली (नळीतल्या काडतुसाच्या घरातली) जी जागा काडतुसाला अडवते ती, यांच्यातले अंतर म्हणजे हेडस्पेस. ते कमी असले तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त असले तर बार उडताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते आणि वाईट प्रसंगी फाटते. .308 साठी अमेरिकेतला ‘गो’ गेज (काडतुसाच्या आकाराचे मोजमापाचे ठोकळे असतात, त्यांतला बोल्ट बंद व्हायलाच हवा असा) 1.630 इंचांचा आणि ‘नो-गो’ (ज्यावर बंद होता कामा नये असा) 1.634 इंचांचा असतो. म्हणजे सगळा खेळ चार थाऊंचा; एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पायरीच्या नळीत हे अंतर जुळवायचे तर नळी लेथवर चढवून पायरी छिलावी लागते किंवा चेंबर रीमरने थोडे थोडे खोल करत जावे लागते. एकदा जास्त कापले गेले की मागे येण्याची वाट नसते. सॅव्हेजमध्ये नळीच्या आट्यांची संख्या इंचाला 20 आहे. म्हणजे नळीचा पूर्ण एक फेरा पन्नास थाऊ पुढे-मागे जातो, आणि चार थाऊ म्हणजे जेमतेम 29 अंश, घड्याळाच्या तबकडीवरच्या एका तासाच्या घराहूनही किंचित कमी. बोल्टमधला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवायचा, चेंबरमध्ये ‘गो’ गेज घालायचा, बोल्ट बंद करायचा, आणि नळी हाताने फिरवत आणायची. एका क्षणी ती गेजला टेकते. तो स्पर्श बोटांना कळतो. मायक्रोमीटरची रॅचेट टिकटिकण्याआधी जी जाणीव होते, तीच ही. मग नट आवळायचा. आवळताना नट नळीला पुढे ओढतो आणि आट्यांमधली ढील निघून जाते, त्यामुळे अंतर किंचित वाढते; म्हणून आवळल्यानंतर दोन्ही गेज पुन्हा घालून पाहायचे. ‘गो’वर बोल्ट सहज बंद झाला आणि ‘नो-गो’वर अडला की काम झाले. मला पहिल्या वेळी, दोनदा सोडून आवळण्यासकट, पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात माझ्या लक्षात आले की, ज्या नटाला मी चेकनट म्हणून हिणवत होतो, तो या रायफलीतला सर्वांत शहाणा भाग आहे. निकोलस ब्रूअर यांनी आराखडा केलेली ही रायफल 1958 साली बाजारात आली, आणि ती स्वस्तात बनावी हा उद्देश उघड होता. पायरी जुळवण्यासाठी कसबी कारागीर लागतो. नट जुळवण्यासाठी गेज आणि नीट शिकवलेला कामगार पुरतो. पण स्वस्त करण्याच्या या युक्तीने अचूकता गेली नाही, उलट प्रत्येक रायफलीचे हेडस्पेस किमान मर्यादेच्या अगदी जवळ ठेवणे कारखान्याला सोपे झाले. याच्या जोडीला बोल्टचे तोंड वेगळे आहे. ते एका पिनेवर बसते आणि त्याला थोडी मोकळीक असते, त्यामुळे दोन्ही लग्ज (बोल्टला अडकवून धरणारे कान) रिसीव्हरमध्ये आपोआप सारखे टेकतात. इतर रायफलींत हे साधायला लग्ज हाताने लॅप करावे, म्हणजे घासून जुळवावे, लागतात, आणि त्या कामाचे आम्ही गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घेतो. (हे वाक्य आमच्या दुकानमालकांना आवडणार नाही.)

चापाबद्दल माझा पूर्वग्रह निदान निराधार नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांचे चाप नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या भीतीने मुद्दाम जड ठेवलेले असत, आणि जड चापावर थंडीत, हातमोजा घालून, नेम न हलवता बार काढणे कठीण. सॅव्हेज कंपनी 1988 मध्ये दिवाळखोरीत गेली होती; रॉन कोबर्न यांनी ती हाती घेतली तेव्हा बाकीची उत्पादने बंद करून फक्त 110 वर लक्ष केंद्रित केले. त्यांच्याच कारकिर्दीत, 2002-03 च्या सुमारास, अॅक्युट्रिगर नावाचा चाप आला. चापाच्या मधोमध एक पातळ पाते असते. बोट नीट मध्यभागी पडून ते पाते दाबले गेल्याशिवाय सिअरला (बार उडवणारी पिन रोखून धरणाऱ्या खिट्टीला) पुढे वाट मिळत नाही. रायफल आपटल्यामुळे सिअर सुटलाच तर पाते त्याला अडवते, आणि बोल्ट उचलून पुन्हा सज्ज केल्याशिवाय बार होत नाही. ही सोय असल्यामुळे चाप हलका ठेवण्याचे धाडस कारखान्याला करता आले, आणि वापरणाऱ्याला तो स्वतः कमी-जास्त करण्याची मुभाही देता आली. पुढे रूगर, मॉसबर्ग यांच्या स्वस्त रायफलींतही असेच पाते दिसू लागले, यावरून त्या कल्पनेचे वजन कळावे. माझ्या रायफलीचा चाप मी तीन पाउंडांवर ठेवला आहे. याहून हलका ठेवता येतो, पण उणे तापमानात बोट बधिर झालेले असताना हलका चाप हे भूषण नाही.

जे मत बदललेले नाही, तेही सांगायला हवे. 110 चा बोल्ट उचलताना जोर लागतो. फिनलंडच्या चांगल्या टिका रायफलीचा बोल्ट ज्या लोण्यासारख्या सहजतेने सरकतो, तसा हा सरकत नाही, आणि कोणी कितीही तेल घाला म्हटले तरी सरकणार नाही, कारण ते बोल्टच्या रचनेतच आहे. बोल्टच्या मागच्या भागात एक छोटी पोलादी गोळी बसवून घर्षण कमी करण्याचे तयार संच मिळतात; त्यांनी फरक पडतो, पण टिका होत नाही. स्वस्त मॉडेलांचा प्लास्टिकचा दस्ता पुढच्या भागात हाताने दाबला तर नळीला टेकतो. झाडाच्या बुंध्याला किंवा आडव्या फांदीला रायफल टेकवून मारण्याची सवय असेल, तर हा दोष लक्ष्यावर दिसतो. 2018 पासूनच्या 110 मध्ये गालाखालचा भाग आणि दस्त्याची लांबी बदलण्याची सोय असलेला दस्ता आला, आणि तो त्या जुन्या दस्त्यांपेक्षा बराच बरा आहे. दिसण्याबद्दल मी बोलत नाही. मॉडेल 70 च्या अक्रोडाच्या दस्त्याशेजारी 110 ठेवली तर ती सुतारकामाच्या दुकानात हरवलेल्या पान्यासारखी दिसते, हे मी आजही म्हणेन.

मॉडेल 70 चे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगतो. ब्रँडबद्दल मत बदलण्याचे अमेरिकेतले सर्वांत गाजलेले उदाहरण तेच आहे. 1936 मध्ये आलेल्या या रायफलीला जॅक ओ’कॉनर यांच्यासारख्या लेखकांनी डोक्यावर घेतले होते. 1964 मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी तिचा माउझर-पद्धतीचा रुंद पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून पुंगळी मागे ओढणारा भाग) काढून टाकला आणि दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन तिथे दाबून उठवलेली नक्षी आली. शिकाऱ्यांनी तोंड फिरवले, आणि ‘64 पूर्वीची’ हा शब्द आजही जुन्या बाजारात किंमत वाढवतो. ते मत बदलले त्याला हातात धरून दाखवता येईल असे कारण होते. माझ्याजवळ 2001 मध्ये एक रायफल, एक दुपार आणि एक न तपासलेला स्क्रू एवढेच होते. आणि खरे सांगायचे तर तीन-चार गोळ्यांच्या गटावरून कोणत्याच रायफलीबद्दल फारसे काही ठरत नाही. आता मी दहा गोळ्या, नळी थंड होऊ देत, दोन वेगवेगळ्या दिवशी मारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

गावाकडे असताना मला असे मत बनवण्याची संधीच नव्हती. चुलत्यांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली ईशापूरच्या कारखान्याची .315 बोल्ट रायफल होती. ती ली-एनफिल्डच्या घराण्यातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, रायफल रानडुकरांना दणका देण्यापुरती राहिली, आणि ती चांगली की वाईट हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण तिच्या शेजारी ठेवायला दुसरी नव्हतीच. इथे दुकानाच्या एका भिंतीवर वीस रायफली असतात, आणि मग माणूस नटावरून घराणी ठरवू लागतो.

आता तुमच्या रायफलीकडे वळतो. डावखुऱ्यांसाठी खरी डाव्या हाताची बोल्ट रायफल सॅव्हेजने अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून बनवली, आणि आजही तिच्या किमतीत इतकी निवड थोड्याच कंपन्या देतात. सुरक्षा-खटका रिसीव्हरच्या मागे, मधोमध, अंगठ्याखाली आहे, त्यामुळे डाव्या-उजव्याचा प्रश्न येत नाही. .308 हे इथल्या जंगलातल्या अंतरांना पुरून उरणारे काडतूस आहे. आपल्या राज्यातली बरीच हरणे 100 यार्डांच्या आत पडतात, आणि हरणाच्या छातीचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा धरतात. दीड इंचाचा गट मारणारी रायफल तिथे कमी पडत नाही. कमी पडतो तो झाडावरच्या बैठकीवर पहाटेपासून कुडकुडलेला खांदा.

घेण्याआधी मात्र एक गोष्ट न चुकता करा. ज्या नटाचे मी एवढे गुणगान केले, तोच जुन्या बाजारात धोक्याचा आहे, कारण ज्याच्याकडे पाना आहे त्याला नळी बदलता येते, आणि गेज मात्र प्रत्येकाकडे असतोच असे नाही. नटाच्या खाचा प्रकाशात तिरप्या धरून पाहा. कडा चेंगरलेल्या असतील किंवा काळा लेप खरवडलेला असेल, तर नळी कोणीतरी काढलेली आहे. नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव आणि विकणाऱ्याने सांगितलेले नाव एकच आहे का, ते वाचा. खुणा असोत वा नसोत, गनस्मिथकडून दोन्ही गेजांनी हेडस्पेस तपासून घ्या. हे काम काही मिनिटांचे आहे, आणि ‘नो-गो’वर बोल्ट बंद झाला तर ती रायफल त्याच दिवशी परत द्या, कितीही स्वस्त असली तरी. बोल्ट पूर्ण काढून नळीतून उजेडाकडे पाहा, चेंबरच्या तोंडाशी गंज आहे का ते पाहा. रिकाम्या रायफलीचा चाप किती जड आहे ते स्वतःच्या बोटाने अजमावा. पाते नसलेला जुना चाप असेल तर तेवढी किंमत कमी करून मागा, कारण चांगला चाप वेगळा विकत मिळतो आणि तो बसवणे अवघड नाही.

दुर्बीण आधीच बसवलेली असेल तर ती कोणी बसवली हे विचारू नका. घरी आणून सगळी काढा, स्क्रूंच्या लांब्या शेजारी-शेजारी लावून पाहा, भोके स्पिरिटने पुसा, बेस बसवा, आणि आवळल्यावर चारही बाजूंनी कागदाची पट्टी सरकवून पाहा. हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊच दिवस असतो; ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रेंजवर बाकांसाठी रांगा लागतात. तेव्हा हे काम सप्टेंबरमध्येच उरका, आणि पट्टीसाठी साधा, पातळ कागद घ्या. पुठ्ठा आत जात नाही म्हणून बेस बसला असे समजू नका.